हात न लावायची बाग

डॉक्टरांनी आयुष्यातली पहिली चोरी केली ती निवृत्तीनंतर, आणि तीसुद्धा बायकोच्या बागेत. तिथून त्यांनी काही उचललं नाही, उलट नेऊन ठेवलं. पण बाईंच्या कायद्यात बाहेरचं आणून ठेवणं हा उचलण्यापेक्षा मोठा गुन्हा होता, म्हणून चोरीच म्हणायची.

डॉक्टर म्हणजे दातांचे. जन्मभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून त्यांच्या पाठीला कायमचं पोक आलं होतं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघायची सवय लागली होती. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, आणि ऐकून ऐकून डॉक्टरही घरात ‘बाई’च म्हणायला लागले होते. चुकून नावाने हाक गेली तर बाई दचकून विचारायच्या, “काय फोडलंत?”

बाईंची बाग म्हणजे विभागाच्या मागचा, दोन इमारतींच्या मधला चौकोनी तुकडा. पूर्वी तिथे लॉन होतं. कुठल्या तरी परमुलखातलं गवत, दर आठवड्याला यंत्राने भादरलेलं, आणि वरून लोखंडी रोलर फिरवून फिरवून इतकं सपाट केलेलं की त्यावर कपड्यांना इस्त्री करता आली असती. बाईंचा त्या लॉनवर जुना राग. ‘इथल्या मातीत इथलंच एक रोप राहू दिलेलं नाही,’ हे वाक्य त्यांनी इतक्या सभांमधून म्हटलं होतं, की त्या उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतले लोक ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणायचे. शेवटी विद्यापीठाने कंटाळून तो तुकडा त्यांना देऊन टाकला. बाईंनी गवताचं कातडं सोलून काढलं, भोवती बुटकं कुंपण घातलं आणि पाटी रंगवून घेतली: ‘येथे इथल्याच वनस्पती आपोआप उगवतील. कोणीही हात लावू नये.’

सगळं घोडं त्या ‘आपोआप’पाशी अडलं होतं. बाईंचं म्हणणं असं, की इथल्या झाडांचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून असतं. वरचं ओझं काढलं की ते आपलं आपण उठतं. बाहेरून काही लावायचं नाही, कारण मग कुठलं आपोआप आलं आणि कुठलं आणलं हे कोण सांगणार? आणि खणायचं तर मुळीच नाही. वाऱ्याबरोबर आलेलं एखादं उपरं तण उगवलं तर बाई ते उपटायच्या नाहीत. उपटलं की माती हलते. त्या गुडघे टेकून ते कात्रीने कापायच्या. “मुळं आत ठेवून नुसता वरचा दात कापायचा, हा कुठला इलाज?” असं डॉक्टर एकदा बोलून गेले. त्यानंतर बरेच दिवस बाई त्यांच्याशी फक्त खुणांनी बोलत होत्या.

एक हंगाम कोरडा गेला. दुसरा निम्मा सरला. बाग काही उठेना. पाऊस पडला की पाणी त्या टणक मातीवरून फरशीवरून जावं तसं वाहून जाई, आणि ऊन पडलं की तिला बारीक तडे जात. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून पाटी वाचायचे, मग बाग बघायचे, मग पुन्हा पाटी वाचायचे. विद्यार्थ्यांनी तिला ‘बाईंचं टक्कल’ असं नाव ठेवलं होतं. ते बाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळा विभाग जपायचा, आणि अर्थातच ते पहिल्यांदा त्यांच्याच कानावर गेलं होतं.

मग एके दिवशी कुलसचिव आले. हे गृहस्थ बुटके, टापटिपीचे, खिशाला दोन पेनं लावणारे. बाईंचं आणि त्यांचं हाडवैर विद्यापीठात प्रसिद्ध होतं. सूक्ष्मदर्शकांवरून भांडण, वाहनतळावरून भांडण, एका वठलेल्या झाडावरून तर दोघांनी कुलगुरूंच्या दालनात असा आवाज चढवला होता की बाहेरचा शिपाई पाण्याचे पेले घेऊन आत धावला होता.

“बाई, आपोआप काय उगवलंय ते दाखवा तरी,” कुलसचिव म्हणाले.

“बी झोपलंय.”

“मग त्याच्या अंगावर लॉनचं पांघरूण घालू पुन्हा. छान झोपेल.”

पण ते थट्टा करायला आले नव्हते. विद्यापीठाचा निर्णय सांगायला आले होते. हंगामाच्या शेवटी बाहेरून एक तज्ज्ञ येणार. त्यांना बागेत जीव दिसला तर तो तुकडा कायमचा बागेचा. नाही दिसला तर पुन्हा लॉन, आणि मधोमध कारंजं. बाईंची निवृत्तीही त्याच सुमारास होती. म्हणजे बाई एका दाराने बाहेर जाणार आणि दुसऱ्या दाराने रोलर आत येणार.

त्या संध्याकाळी डॉक्टर बाईंना न्यायला विभागात गेले तेव्हा त्या कुंपणाच्या आत उकिडव्या बसल्या होत्या. हातात कात्री होती, पण कापायला काही नव्हतं. त्यांना बघून बाई म्हणाल्या, “अहो, मी चुकले असेन का हो?” संसाराच्या इतक्या वर्षांत हे वाक्य डॉक्टरांनी प्रथमच ऐकलं. एरवी ते ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी गावभर पेढे वाटले असते. पण त्या दिवशी बाई हरलेल्या त्यांना बघवेनात. भांडणाऱ्या, टाकून बोलणाऱ्या, नाकासमोर चालणाऱ्या बाई त्यांना हव्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीकडे फिरायला गेले. तिथे कपारीत निळ्या फुलांचं एक रोपटं असतं, आणि ते अस्सल इथलं आहे, हे त्यांना माहीत होतं. कारण लग्नाच्या नव्या नवलाईत बाईंनी त्यांना ते दाखवून त्याचं लॅटिन नाव पाठ करून घेतलं होतं. नाव ते केव्हाच विसरले होते, रोप नव्हते विसरले. त्यांनी दाढ काढावी तसं हलवत हलवत, एकही मूळ न तोडता ते सोडवलं आणि जेवणाच्या डब्यात ठेवलं. दुपारच्या सुट्टीत विद्यापीठ सामसूम होतं. बाई कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या. डॉक्टर कुंपण ओलांडून आत उतरले, खिशातून दवाखान्यातला जुना पोलादी चमचा काढला आणि किडलेला दात कोरावा तसं एक गोल, स्वच्छ, गुळगुळीत कडांचं भोक कोरलं. रोप बसवलं, माती हलक्या हाताने परत भरली, वर थोडी धूळ भुरभुरवली. काम झाल्यावर सवयीने “चूळ भरा” म्हणणार होते, तेवढ्यात स्वतःला आवरलं.

संध्याकाळी बाईंनी ते रोप पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डॉक्टर डब्याचं झाकण उगीचच उघडझाप करत राहिले.

“आलं वाटतं,” बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसला.

डॉक्टरांना वाटलं, बाई आनंदाने उड्या मारतील. तसं काही झालं नाही. त्या रोज सकाळी त्या रोपापाशी वाकून बघत बसायच्या, भिंग लावून, मुळाशी. मग आठवडाभराने न्याहारी करताना त्यांनी जाहीर केलं, “आजपासून दुपारच्या सुट्टीत मी ग्रंथालयात बसणार. दुपारभर तिथेच असेन. कोणी शोधू नका.” हेच त्यांनी विभागात जाऊन सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, नशीब काढलं. त्या दिवसापासून त्यांचा डबा रिकामा असा कधी गेलाच नाही.

आता गंमत अशी झाली, की बागेत डॉक्टरांनी आणलेली नव्हती अशीही रोपं दिसायला लागली. एकदा पिवळ्या बारीक फुलांचं एक. मग पांढऱ्या घंटांचं एक. डॉक्टरांना प्रथम भरून आलं. बाईंचं खरं ठरलं, बी उठलं! मग त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. पिवळ्या रोपाभोवतीचं भोक ओबडधोबड होतं, कुदळीच्या कोपऱ्याने हाणलेलं. निसर्ग कुदळ वापरत नाही, एवढं दंतवैद्यालाही कळतं.

उलगडा लवकरच झाला. एका दुपारी डॉक्टर डबा काखेत घेऊन आत उतरले, तर समोरून मुकादम येत होता. हा विद्यापीठाच्या सगळ्या माळ्यांवरचा मुकादम, आडव्या अंगाचा, मोठ्या मिशांचा. कुंपणात पाय टाकायचा नाही असं त्याला बाईंनी कुलगुरूंसमोर बजावलेलं. त्याच्या हातात पाण्याची झारी होती आणि झारीतून एका रोपाचा शेंडा डोकावत होता. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

“डॉक्टर, मी झारी धुवायला आलोय,” मुकादम म्हणाला.

“मी डबा खायला,” डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात पाटीमागून शिंक आली. पाटीमागे थिसिसताई लपल्या होत्या. बाईंच्या हाताखाली त्या इतकी वर्षं प्रबंध लिहीत होत्या की विभागात नवीन येणाऱ्या मुलांना त्या इमारतीबरोबरच बांधल्या गेल्या असाव्यात असं वाटायचं. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा फुगला होता आणि त्यातून माती गळत होती.

मुकादमालाच आधी हसू फुटलं.

“माझ्या मेहुणीच्या बांधावर असतं हे,” तो म्हणाला. “अस्सल इथलं. आता बाईंना काही दिसेना, म्हटलं आपणच दाखवावं. त्या गेल्यावर पुन्हा रोलर ओढायचं मला जिवावर आलंय हो. एवढी वर्षं ओढला, खांदा उतरला माझा.”

“मी प्रयोगशाळेतल्या ट्रेमधलं आणते,” थिसिसताई म्हणाल्या. “बाईंनीच दिलेल्या बियांचं. बाई नाराज होऊन गेल्या तर माझा प्रबंध कोण वाचेल? तसा त्यांनीही अजून वाचलेला नाही म्हणा.”

त्या दिवसापासून तिघांची टोळी झाली. कोणी कुठे लावायचं ते वाटून घेतलं. ज्याने त्याने आपलं खणायचं, बुजवायचं आणि काही ठाऊक नसल्यासारखं तोंड करून निघून जायचं. डॉक्टरांना कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. चोरी करताना भूकही चांगली लागते, असा त्यांना शोध लागला.

एकच भानगड होती. प्रत्येक रोपाभोवती, खणून बुजवलेल्या मातीत, बारीक हिरवी पुरळ उठायला लागली होती. मोहरीएवढी पानं, दाटीवाटीने. डॉक्टरांना ती दातांवर साचणाऱ्या किटणासारखी दिसायची आणि कोरून काढायला त्यांचे हात शिवशिवायचे. पण त्यासाठी जास्त वेळ बसावं लागलं असतं, आणि चोराला वेळ नसतो.

आणि मग एके दिवशी बागेच्या बरोबर मधोमध नारिंगी फूल उमललं. कसलं फूल म्हणता! वाटीएवढं, भडक, लांबून दिवा लावल्यासारखं. डॉक्टरांनी मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने थिसिसताईंकडे.

“तुमचं?”

“नाही बाबा. तुझं?”

“माझ्या मेहुणीकडे असलं असतं तर तिने शेजारणींना जगू दिलं नसतं.”

डॉक्टरांनीही नकाराची मान हलवली. कोणीच आणलं नव्हतं. म्हणजे हे एकटं खरं होतं. मातीतून उठलेलं, आपोआप आलेलं, बाईंनी सांगितलेलं! डॉक्टरांचे डोळे पाणावले. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. थिसिसताईंनी वर्गीकरणाचं जाडजूड पुस्तक उघडून बघण्याची तसदी घेतली नाही, कारण श्रद्धेच्या जागी पुस्तक काढणं त्यांना बरं दिसेना. तिघे रोज त्या फुलाला लांबून बघून जायचे. बाईंनी मात्र ते पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडाचा आकार आंबट काही खाल्ल्यासारखा झाला. त्या डॉक्टरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, “हे जरा जास्तच झालं.” डॉक्टरांना वाटलं, बाईंना आपल्या यशावर विश्वास बसत नाहीये.

तज्ज्ञांच्या भेटीचा दिवस उजाडला. डॉक्टर आणि मुकादम सकाळीच बागेत पोहोचले. डॉक्टरांनी म्हटलं, पाहुण्यांसमोर रोपांभोवतीची ती हिरवी घाण नको, साफ करून टाकू. त्यांनी खिशातून चमचा काढला, मुकादमाने खुरपं, आणि दोघे खाली वाकले.

“हात काढा!”

वरच्या मजल्याच्या खिडकीतून असा आवाज आला की मुकादमाच्या हातातलं खुरपं उडालं. खिडकीत बाई उभ्या होत्या. डॉक्टरांना वाटलं, संपलं, पकडले गेलो. पण बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “तिथे मुंग्या आहेत. चावतील.” आणि खिडकी लावून घेतली. दोघांनी वाकून वाकून मुंग्या शोधल्या. एकही नव्हती. तरी सुटलो बुवा, म्हणून ते कुंपणाबाहेर आले.

तज्ज्ञ आले. उंच, हडकुळे, वयस्क गृहस्थ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. बोलणं कमी. सोबत कुलसचिव, त्यांच्या खिशाला आज तीन पेनं. तज्ज्ञांनी पाटी वाचली.

“सगळं आपोआप?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना खोकला आला. मुकादम मिशा ओढायला लागला. थिसिसताई आकाशात काहीतरी शोधायला लागल्या. आश्चर्य म्हणजे कुलसचिवही बुटाच्या टोकाकडे बघत होते.

“बघा तुम्हीच,” बाई म्हणाल्या.

तज्ज्ञ निळ्या रोपापाशी थांबले, पिवळ्यापाशी थांबले, पांढऱ्या घंटांपाशी थांबले. प्रत्येक ठिकाणी भिंग लावून ‘हं’ म्हणाले. तो ‘हं’ डॉक्टरांच्या मणक्यातून खाली जायचा. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण ‘हं’ म्हटल्यावर काय वाटत असेल, हे त्यांना आज कळलं. मग तज्ज्ञ नारिंगी फुलापाशी आले. तिघांना हायसं वाटलं. हे तरी खरं आहे!

तज्ज्ञांनी त्याच्या बुडाशी बोट घातलं. बोट फिरवलं. मग दोन्ही हात घातले आणि झाड वर उचललं. झाडाबरोबर मातीतून एक काळी प्लास्टिकची कुंडी बाहेर आली. कुंडीच्या कडेला रोपवाटिकेचं चकचकीत लेबल होतं आणि त्यावर फुलाचं चित्र.

तज्ज्ञांनी लेबल बघितलं, मग पाटी बघितली.

“हे कोणी केलं?” तज्ज्ञांनी विचारलं.

डॉक्टरांनी मुकादमाकडे रागाने पाहिलं, मुकादमाने त्यांच्याकडे. आणि मग ज्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं त्या माणसाने घसा साफ केला.

“मी,” कुलसचिव म्हणाले.

“तुम्ही?” बाईंचा आवाज चिरकला. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

“हो, मी.” कुलसचिवांचा चेहरा फुलाच्या रंगाचा झाला होता. “दुपारच्या सुट्टीत. तुम्ही ग्रंथालयात असता म्हणून. कुंडी काढून लावायची असते हे मला कोणी सांगितलं नाही. आणि बाई, उगीच डोळे वटारू नका. तुम्ही अशा हरून गेलात तर मी भांडू कोणाशी? नवीन माणसं सगळ्याला ‘हो सर’ म्हणतात. मला करमत नाही.”

बाईंनी वटारलेले डोळे खाली घेतले. कुलसचिवांसमोर असं त्यांचं पहिल्यांदाच झालं. आणि आता एकट्या कुलसचिवांना फासावर जाऊ देणं डॉक्टरांच्या सभ्यपणात बसेना. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“निळं माझं.”

“पिवळं माझं,” मुकादम म्हणाला. “आणि त्या कोपऱ्यातली दोन.”

“घंटा माझ्या,” थिसिसताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “आणि भिंतीकडची पण.”

तज्ज्ञांनी भिंग गळ्यात सोडून दिलं. “म्हणजे या बागेत आपोआप आलेलं एकही रोप नाही,” ते थकल्यासारखे म्हणाले. “मग मी बघू काय?”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बाईंना वाचवायला निघालो आणि त्यांच्या शब्दालाच चूड लावली. आता कारंजं उभं राहणार, रोलर फिरणार, आणि उरलेलं आयुष्य आपण त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही. त्यांना मातीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण माती तर टणक होती.

“आपापला माल उपटा,” बाई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. वर्गात ‘पुस्तकं बाजूला ठेवा’ म्हणावं तसं त्या म्हणाल्या. चौघे निमूटपणे आत उतरले. डॉक्टरांनी निळं रोप हलवत हलवत सोडवलं, मुकादमाने आपली खेचून काढली, थिसिसताईंनी डोळे पुसत पुसत. कुलसचिव कुंडी पोटाशी धरून उभे होते. थोड्या वेळात बागेत एकही फूल उरलं नाही.

“आता बघा,” बाई तज्ज्ञांना म्हणाल्या. “फुलं बघू नका. भोकं बघा.”

तज्ज्ञ आधी कमरेत वाकले. मग गुडघ्यावर आले. मग, पँट नवी असूनही, चक्क पोटावर पालथे पडले आणि भिंग डोळ्याला लावलं. प्रत्येक भोकाभोवती हिरवी वर्तुळं होती. डॉक्टरांनी ज्याला किटण म्हटलं होतं, ती मोहरीएवढी पानं. टणक उघड्या मातीत एकही नाही, आणि जिथे जिथे कोणी खणलं होतं तिथे तिथे दाटीवाटीने. तज्ज्ञ एका वर्तुळाकडून दुसऱ्याकडे सरपटत गेले. मग त्यांनी एक नाव उच्चारलं. मग दुसरं. मग तिसरं म्हणताना त्यांचा आवाज कापायला लागला.

“हे इथून नाहीसं झालं असं मी स्वतः लिहिलंय,” ते जमिनीवरूनच म्हणाले.

“चुकीचं लिहिलंत,” बाई म्हणाल्या. “ते खालीच होतं. लॉनच्या आधीचं बी. मीही चुकले. मी म्हणायचे, हात लावू नका, आपोआप उठेल. रोलरने माती इतकी दाबली गेली होती की ते उठणार कसं? त्याला माती मोकळी हवी होती आणि थोडा उजेड. यांनी चोरून खणलं, तेवढ्या जागी आत उजेड गेला. ही रोपं इथल्या कोणीही लावलेली नाहीत. एकाच्याही खिशात यांचं बी नव्हतं. आणि असतं तरी त्यांना ओळखू आलं नसतं.”

या शेवटच्या वाक्यावर थिसिसताई जरा दुखावल्या, पण ती वेळ नव्हती. तज्ज्ञ उठले. पोटाला, गुडघ्यांना, नाकाच्या टोकाला माती लागली होती आणि ते लहान मुलासारखे हसत होते. “कारंजं कुठे म्हणालात?” त्यांनी कुलसचिवांना विचारलं.

“कसलं कारंजं?” कुलसचिव म्हणाले. “बाग आहे ही. पाटी वाचली नाहीत का तुम्ही?”

त्या संध्याकाळी डॉक्टर आणि बाई चालत घरी निघाले. डॉक्टरांच्या डब्यात निळं रोप होतं, ते खाणीत परत नेऊन लावायचं ठरलं होतं. अर्धा रस्ता सरल्यावर डॉक्टरांनी धीर केला.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्या संध्याकाळी.”

“कसं?”

“अहो, त्या भोकाच्या कडा बघितल्या मी. माझ्या स्वतःच्या तीन दाढा तुम्ही कोरल्यात. तुमचं काम मी ओळखणार नाही?” बाई म्हणाल्या. “फार राग आला होता. उपटून तुमच्या अंगावर फेकणार होते. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. तर भोवती अंकुर दिसले.”

“मग सरळ सांगायचं ना, की खणा! एवढी लपाछपी कशाला? रोज घास घशाखाली उतरत नव्हता माझा.” हे धादांत खोटं होतं.

“खणा म्हटलं असतं तर मुकादमाने ट्रॅक्टर आणून सगळं उलटंपालटं केलं असतं. बी खोल गाडलं गेलं असतं, की मग बसा. चोर जपून खणतो. थोडंसंच खणतो, आणि भुसभुशीत करून परत बुजवतो.” मग बाई जरा हळू म्हणाल्या, “आणि खरं सांगू? माझ्यासाठी कोणी चोरी करतंय, हे बघायला बरं वाटत होतं. मी खिडकीतून बघायचे.”

“ग्रंथालयातून?”

“ग्रंथालयाला तिकडे खिडकी आहे कुठे? मी वरच्या प्रयोगशाळेत पडद्यामागे असायचे. फक्त कुलसचिव कधी येऊन गेले ते दिसलं नाही. एक दुपार मी बैठकीत अडकले होते, नेमके तेव्हाच येऊन गेले असणार. तो नारिंगी राक्षस मला तुमचाच वाटला होता. आजवर मनातल्या मनात तुम्हाला इतकी बोलले आहे त्याच्यावरून!”

डॉक्टरांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना वाईटही वाटलं. बाग राहिली, पण बाई आता जाणार. बाग वर येईल तेव्हा तिथे उभं राहून कोणाला तरी टाकून बोलायला त्या नसतील. त्यांनी तसं बोलून दाखवलं.

घर आलं. दाराशी कुलूप काढता काढता बाई सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, “उत्तरेकडची अख्खी बाजू अजून टणक आहे. तिथे एकानेही चोरी केलेली नाही.”

“मग?”

“मग काय? निवृत्त झाले तरी ग्रंथालयाचं ओळखपत्र राहतं माझ्याकडे.” बाईंनी दार उघडलं. “त्या तिघांना सांगून ठेवा. उद्या दुपारच्या सुट्टीत मी ग्रंथालयात आहे.”